टिचकीने मोडणारी शिस्त: लॅमिनर ते टर्ब्युलंट हा बदल स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी

परभणीकडच्या एखाद्या कापसाच्या रानात अंथरलेली १६ मिलिमीटरची ठिबकची नळी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यावर ४० सेंटिमीटर अंतराने १०० ड्रिपर आहेत आणि प्रत्येक ड्रिपर ताशी ४ लिटर पाणी देतो, असे धरू. सबमेनपाशी, म्हणजे नळीला पाणी पुरवणाऱ्या मोठ्या पाइपपाशी, या नळीत ताशी ४०० लिटर पाणी शिरते, आणि वाटेतले ड्रिपर आपापला वाटा काढून घेत असल्यामुळे शेवटच्या ड्रिपरपर्यंत त्यातले केवळ ४ लिटर पोचते. नळी तीच आणि पाणीही तेच. परंतु सुरुवातीच्या टोकाला पाण्यात आतल्या आत सतत घुसळण चाललेली असते, तर शेवटच्या सुमारे सहा मीटरांत तेच पाणी एकमेकांत न मिसळणाऱ्या थरांनी गुपचूप सरकत असते. पहिल्या प्रकाराला टर्ब्युलंट प्रवाह म्हणतात आणि दुसऱ्याला लॅमिनर. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला हा विषय बहुधा रेनॉल्ड्स अंक नावाच्या एका आकड्यात उरकला जातो: २००० च्या खाली लॅमिनर, ४००० च्या वर टर्ब्युलंट, आणि मधला भाग संक्रमणाचा. परीक्षेपुरते हे चालते. परंतु प्रत्यक्ष नळीत काय घडते ते यावरून कळत नाही, आणि २००० हा आकडा म्हणजे विजेचे बटण आहे असा गैरसमज मात्र पक्का होतो. हा गैरसमज घालवणारा प्रयोग घरी किंवा महाविद्यालयाच्या कार्यशाळेत थोड्या खर्चात करता येतो.

आधी आकड्याविषयी

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरमधील आपल्या प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला. काचेच्या नळीतून पाणी सोडून त्याच्या मधोमध त्यांनी रंगाची बारीक धार सोडली, आणि ती कोणत्या परिस्थितीत मोडते याची नोंद ठेवली. वेग, नळीचा व्यास आणि पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध किंवा व्हिस्कॉसिटी, या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या महत्त्वाच्या नसून त्यांच्यापासून बनणारी एकच संख्या महत्त्वाची आहे, हे त्यांनी दाखवून दिले. या संख्येला पुढे १९०८ मध्ये आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी रेनॉल्ड्स यांचे नाव दिले.

ती काढण्यासाठी दहाच्या घातांकांत गुंतण्याची गरज नाही. वेग सेकंदाला किती मिलिमीटर ते घ्यावे, त्याला मिलिमीटरमधील आतल्या व्यासाने गुणावे, आणि कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी म्हणजे श्यानता भागिले घनता या राशीने, ती चौरस मिलिमीटर प्रति सेकंद या एककात घेऊन, भागावे. ३० अंश सेल्सिअसला पाण्यासाठी ही राशी ०.८० आहे. १० मिलिमीटरच्या नळीतून सेकंदाला १६० मिलिमीटर वेगाने पाणी जात असेल, तर १६० गुणिले १० भागिले ०.८०, म्हणजे २००० मिळतात. वेग मोजणे अवघड आणि भांडे भरण्याचा वेळ मोजणे सोपे, म्हणून याच सूत्राचे दुसरे रूप हाताशी असावे: सेकंदाला किती मिलिलिटर पाणी बाहेर पडते ते पाहून त्याला १२७३ ने गुणावे आणि व्यास व कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी यांच्या गुणाकाराने भागावे. त्यानुसार १० मिलिमीटरच्या नळीतून अर्धा लिटर पाणी यायला ४० सेकंद लागले तर अंक सुमारे २०००, आणि २० सेकंद लागले तर सुमारे ४०००.

तापमानाची नोंद मात्र कधीही टाळू नये, आणि मराठवाड्यात तर मुळीच नाही. पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी १५ अंशांना १.१४, २० ला १.००, २५ ला ०.८९, ३५ ला ०.७२ आणि ४० ला ०.६६ असते. ४० सेकंदांत अर्धा लिटर हाच प्रवाह डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांच्या पाण्याने केला तर अंक १४०० येतो, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले ४० अंशांचे पाणी घेतले तर तो २४०० च्या पुढे जातो. एक प्रयोग निर्विवाद लॅमिनर आणि दुसरा ऐन संक्रमणात. फरक फक्त ऋतूचा.

साहित्य आणि जोडणी

पन्नास लिटरचा प्लास्टिकचा ड्रम वरून कापून घ्यावा. नळी म्हणून गवंडी लेव्हल धरण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी चालते. आतला व्यास १० मिलिमीटरच्या आसपास आणि लांबी किमान दीड मीटर असावी. लांबीचा हा आग्रह उगाच नाही. नळीत शिरलेल्या पाण्याला आपला अंतिम वेगविस्तार गाठायला, म्हणजे मध्यभागी जलद आणि भिंतीशी स्तब्ध अशी घडी बसायला, व्यासाच्या सुमारे ०.०६ गुणिले रेनॉल्ड्स अंक इतके अंतर लागते. अंक २००० असताना हे अंतर १२० व्यास, म्हणजे १.२ मीटर होते. अर्ध्या मीटरच्या नळीत जे दिसते ते नळीच्या तोंडापाशी चाललेल्या जुळवाजुळवीचे चित्र असते.

ही नळी दुकानातून वेटोळ्यात येते आणि तिचा बाक सहजासहजी जात नाही. माझा पहिला प्रयोग याच बाकाने बिघडवला. रंगाची रेघ मध्यभागी न राहता एका भिंतीकडे सरकू लागली आणि तीच टर्ब्युलन्सची सुरुवात आहे, असे मी वहीत लिहून टाकले. वस्तुस्थिती उलट होती: वळणदार नळीत प्रवाहाला आडव्या फिरकीची जोड मिळते, रंग त्यामुळे सरकतो, पण प्रवाह लॅमिनरच असतो, किंबहुना वेटोळ्याच्या नळीत लॅमिनर अवस्था सरळ नळीपेक्षा अधिक वेगापर्यंत टिकते. म्हणून नळी काही वेळ उन्हात टाकून नरम करावी आणि पडद्याच्या ॲल्युमिनियम चॅनेलमध्ये घट्ट बसवावी. काचेची किंवा ॲक्रिलिकची सरळ नळी मिळाली तर उत्तमच.

ड्रमच्या तळापासून वीतभर उंचीवर भोक पाडून त्यात ठिबकच्या दुकानात मिळणारा रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात घट्ट बसणारी कडी, बसवावा आणि त्यातून नळीचे टोक ड्रमच्या आत घ्यावे. आतल्या टोकाला सहा-सात सेंटिमीटर तोंडाचे नरसाळे जोडावे. नरसाळे आणि नळी यांच्या सांध्यात आतल्या बाजूने पायरी राहू नये. लांबीने (पुट्टीने) किंवा एम-सीलने तो सांधा बोटाला जाणवणार नाही इतका गुळगुळीत करावा. प्रवाह नियंत्रित करणारा कॉक नेहमी बाहेरच्या, म्हणजे शेवटच्या टोकाला लावावा. सुरुवातीला कॉक लावला तर तो स्वतःच भोवरे तयार करून नळीत पाठवतो, आणि मग आपण नळीचा अभ्यास करतो की कॉकचा, हे सांगता येत नाही. पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा ३० सेंटिमीटर वर असली तरी पुरते, कारण या नळीला २००० च्या अंकासाठी जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचा दाब लागतो.

रंगासाठी सलाईनचा सेट अगदी योग्य आहे, कारण त्याच्या चाकाने धार थेंबाथेंबाने कमी-जास्त करता येते. नवा, न वापरलेला सेट घ्यावा आणि सुईचे टोक घासून बोथट करावे. सुई नरसाळ्याच्या रुंद तोंडाच्या मध्यभागी, नळीच्या दिशेला समांतर ठेवावी. ती नळीत खुपसू नये. नरसाळ्याच्या तोंडाशी पाण्याचा वेग नळीतल्या वेगाच्या चाळिसाव्या भागाइतका कमी असतो, त्यामुळे तिथे सुईच्या मागे भोवरे सुटत नाहीत. नळीत घुसवलेली सुई मात्र जरा वाकडी झाली तरी तिच्या मागे भोवऱ्यांची माळ तयार होते. रंग म्हणून खाण्याचा रंग ड्रममधल्याच पाण्यात पातळ करून घ्यावा. पोटॅशियम परमँगनेटचे गडद द्रावण पाण्यापेक्षा जड असल्याने मंद प्रवाहात खाली झुकते आणि भलतेच निष्कर्ष काढायला लावते.

व्यास दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नये. दीड मीटर नळी पाण्याने पूर्ण भरून ते पाणी मोजपात्रात ओतावे. ११८ मिलिलिटर भरले तर व्यास १० मिलिमीटर, १०६ भरले तर ९.५.

पाणी निवू देणे

या प्रयोगातील सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे वाट पाहणे. ड्रम आदल्या रात्री भरून ठेवावा. पाणी दिसायला दहा मिनिटांत शांत होते, परंतु भरतानाची फिरकी त्यात बराच काळ रेंगाळते. खोली आणि पाणी यांच्या तापमानात फरक असेल तर ड्रममध्ये वर-खाली मंद प्रवाह सुरू होतात, म्हणून भर दुपार टाळून पहाटेची वेळ निवडावी. पंखा बंद असावा, बोअरची मोटार चालू नसावी, आणि नळी ज्या टेबलावर आहे त्यावर कोणी कोपर टेकू नये. वीज गेल्यावर चिडण्याऐवजी प्रयोगाला बसावे असे मी विद्यार्थ्यांना सांगतो, कारण भारनियमनाच्या वेळेइतकी शांतता आपल्या इमारतींना एरवी लाभत नाही. यात अतिशयोक्ती नाही. रेनॉल्ड्स यांना त्यांच्या उपकरणात सुमारे १३,००० पर्यंत लॅमिनर प्रवाह टिकवता आला होता. पुढे विसाव्या शतकात मँचेस्टरमध्ये त्याच उपकरणावर प्रयोग केला तेव्हा रस्त्यावरच्या वाहनांच्या कंपनांमुळे तो आकडा गाठता आला नाही.

चढता प्रवास, टिचकी आणि उतरता प्रवास

कॉक अगदी थोडा उघडून सुरुवात करावी. अर्धा लिटर भरायला ८० सेकंद लागत असतील तर ३० अंशांना अंक १००० च्या जवळ आहे. रंगाचा तंतू नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या दोऱ्यासारखा दिसला पाहिजे. तो इथेच थरथरत असेल तर पुढे जाऊ नये. सांधा, सुई किंवा पाण्याची अस्वस्थता यांपैकी काहीतरी सदोष आहे.

मग कॉक थोडा थोडा उघडत जावा. प्रत्येक बदलानंतर अर्धा मिनिट थांबावे, वेळ मोजावी, तापमान लिहावे. तंतू कुठे मोडतो याची नोंद करावी, आणि पूर्वतयारी नीट झाली असेल तर तो २००० ला मोडत नाही हे पाहून घाबरू नये. तो ३००० ला टिकेल, कदाचित ५००० लाही टिकेल. अनेक विद्यार्थी इथे आपलेच गणित चुकले असे समजून पुस्तकातला आकडा वहीत उतरवतात, आणि प्रयोगाने जे सांगायला सुरुवात केली होती तेच पुसून टाकतात.

आता तंतू सरळ असताना, अंक ३००० च्या आसपास ठेवून, नळीच्या सुरुवातीला बोटाने एक टिचकी मारावी. तंतू तिथे विस्कटेल आणि विस्कटलेला तुकडा पाण्याबरोबर पुढे जाताना लांब होत जाईल. कॉक कमी करून अंक १५०० वर आणावा आणि तशीच टिचकी मारावी. तंतू विस्कटेल, तुकडा थोडा पुढे जाईल, विरेल, आणि मागून येणारा दोरा पुन्हा सरळ असेल. नवशिक्याने हा प्रयोग दहा-वीस वेळा करावा, कारण संक्रमणाचे सारे मर्म या दोन टिचक्यांतील फरकात आहे. सरळ गोल नळीतला लॅमिनर प्रवाह अतिसूक्ष्म धक्क्यांपुढे कोणत्याही वेगाला कोसळत नाही, असे गणिती विश्लेषण सांगते. त्याला मोडण्यासाठी एका किमान ताकदीचा धक्का लागतो आणि अंक वाढेल तशी ही किमान ताकद कमी होत जाते. म्हणून चढत्या प्रवासात तंतू कधी मोडेल, हे पाण्यापेक्षा आपल्या खोलीवर, सांध्यांवर आणि संयमावर अवलंबून असते. अतिशय काळजीने केलेल्या प्रयोगांत १,००,००० पर्यंतही लॅमिनर प्रवाह राखला गेला आहे.

उतरता प्रवास याउलट आहे. कॉक पूर्ण उघडून नळी टर्ब्युलंट होऊ द्यावी, आतली घुसळण चालू राहावी म्हणून नरसाळ्यासमोर एखादी जाळी किंवा काडी धरावी, आणि मग कॉक हळूहळू बंद करत यावे. या वेळी खळबळ २००० च्या आसपासच मरते; खोली शांत असो वा नसो, नळी काचेची असो वा लेव्हलची. रेनॉल्ड्स यांनीही वरचा आणि खालचा असे दोन आकडे वेगळे मानले होते. पुस्तकातला आकडा हा खालचा आहे. त्याच्या खाली खळबळ टिकू शकत नाही, एवढेच तो सांगतो. त्याच्या वर खळबळ होईलच, असे तो म्हणत नाही.

मधल्या पट्ट्यात, साधारण २००० ते २७०० यांच्या दरम्यान, रेंगाळण्यासारखे पुष्कळ आहे. इथे संपूर्ण नळी एकदम बदलत नाही. सरळ तंतू जात असताना मध्येच विस्कटलेला एक लोट येतो, व्यासाच्या वीसेक पट लांबीचा. तो गेला की पुन्हा सरळ तंतू. या लोटाची मागची कड तीक्ष्ण असते आणि पुढची कड विरळ होत गेलेली असते, हे मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केल्यास स्पष्ट दिसते. रेनॉल्ड्स यांनी याच कामासाठी विजेच्या ठिणगीचा प्रकाश वापरला होता आणि एरवी नुसता पसरलेला दिसणारा रंग प्रत्यक्षात वळ्यावळ्यांचा आहे हे पाहिले होते. नळीवर एका ठिकाणी खूण करून १०० सेकंदांपैकी किती सेकंद तिथे रंग विस्कटलेला होता हे मोजावे. अंक वाढवत हे मोजमाप केले की संक्रमण ही रेषा नसून वाढत जाणारे प्रमाण आहे, हे आलेखातच दिसते. प्रत्येक लोट काही काळाने मरतो किंवा दुभंगून दोन होतो. मरण्याचा आणि दुभंगण्याचा तोल सुमारे २०४० ला साधतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. मूळ प्रयोगानंतर १२८ वर्षांनी हा आकडा इतक्या नेमकेपणाने सांगता आला.

प्रयोगशाळेत दाब मोजण्याची सोय असेल तर नळीतील घर्षणही पाहावे. लॅमिनर अवस्थेत घर्षण गुणांक ६४ भागिले रेनॉल्ड्स अंक इतका असतो. अंक २३०० असताना तो ०.०२८ येतो. त्याच अंकाला प्रवाह टर्ब्युलंट असेल तर ब्लासियस यांच्या सूत्राने तो ०.०४६ येतो, म्हणजे दीडपटीहून अधिक.

आकडे उचलताना घ्यायची काळजी

२००० ही संख्या भरून वाहणाऱ्या गोल नळीची आणि व्यासावर मोजलेली आहे. कालव्यासाठी व्यासाऐवजी जलत्रिज्या, म्हणजे ओले क्षेत्रफळ भागिले ओली कड, वापरतात आणि तिथे लॅमिनर प्रवाहाची मर्यादा सुमारे ५०० असते. भरलेल्या नळीची जलत्रिज्या व्यासाच्या पाव असल्यामुळे हा फरक पडतो. जायकवाडीच्या कालव्यासारख्या मोठ्या कालव्यात जलत्रिज्या १.२ मीटर आणि वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला, तर अंक १२ लाखांवर जातो. पृष्ठभाग कितीही संथ दिसो, असा कालवा लॅमिनर असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सपाट पट्टीवरून वाहणाऱ्या हवेसाठी लांबीवर मोजलेला ५ लाख हा ढोबळ आकडा वापरतात, आणि तिथे बदल घडण्याची रीतही नळीपेक्षा वेगळी आहे. उलट घाण्यावरचे करडईचे तेल पाण्यापेक्षा पन्नास-साठपट श्यान असते. २५ मिलिमीटरच्या नळीतून ते सेकंदाला एक मीटर वेगाने गेले तरी अंक ५०० च्या आसपासच राहतो.

पुन्हा रानात

सुरुवातीच्या ठिबक नळीचा आतला व्यास १४ मिलिमीटर धरला, तर ३० अंशांना सबमेनपाशी अंक सुमारे १२,६०० येतो आणि प्रत्येक ड्रिपरगणिक तो १२६ ने घटतो. शेवटून सोळाव्या ड्रिपरपाशी तो २००० च्या खाली येतो. तिथून शेवटपर्यंतचे अंतर साधारण सहा मीटर. हा उतरता प्रवास असल्यामुळे इथे पुस्तकातला आकडा विश्वासाने वापरता येतो, फक्त ड्रिपरच्या आत आलेल्या टोकांमुळे होणाऱ्या विस्कटण्यासाठी थोडी सूट ठेवावी. फिल्टरमधून निसटलेला बारीक गाळ घुसळणीत तरंगत राहतो आणि खळबळ संपून वेग मंदावला की तळाशी बसतो. म्हणूनच शेवटचे ड्रिपर आधी चोंदतात, आणि म्हणूनच नळी धुताना एंड कॅप काढून पाणी सोडतात: कॅप काढताच शेवटच्या भागातला अंक काही हजारांवर जातो आणि बसलेला गाळ उठून बाहेर पडतो.

ड्रिपर निवडतानाही हेच ज्ञान उपयोगी पडते. लांब, गुळगुळीत मायक्रोट्यूबमधील, म्हणजे ड्रिपर म्हणून वापरतात त्या बारीक नळीतील, प्रवाह लॅमिनर असेल तर पाणी दाबाच्या सम प्रमाणात वाढते, म्हणजे दाब २० टक्के वाढला की पाणीही २० टक्के वाढते. शिवाय काळी नळी उन्हात तापून पाणी २० वरून ४५ अंशांवर गेले तर श्यानता घटल्यामुळे तेच पाणी दीडपटीहून अधिक येते. दातेरी वळणांच्या ड्रिपरमध्ये प्रत्येक दातावर प्रवाह मुद्दाम विस्कटलेला असतो. त्यामुळे तिथे दाब २० टक्के वाढला तरी पाणी जेमतेम १० टक्के वाढते आणि तापमानाचा परिणामही फारसा होत नाही. अशा ड्रिपरच्या मार्गातला अंक मोजला तर तो बहुधा २००० च्या खालीच निघतो. एक मिलिमीटर रुंद व तितक्याच खोल मार्गातून ताशी ४ लिटर जात असतील तर तो १४०० च्या जवळ येतो. तरीही प्रवाह लॅमिनर नसतो, कारण तिथे प्रत्येक दात नव्याने टिचकी मारत असतो, आणि एका टिचकीचा लोट विरायच्या आत पुढचा दात येतो.

प्रयोगाचे रंगीत पाणी सांडपाण्यात सोडू नये. खाण्याचा रंग असल्याने ते परसातल्या झाडांना घालता येते, आणि रंग न मिसळलेले ड्रममधले पाणी झाकून ठेवले तर दुसऱ्या पहाटे तेच, आणखी निवलेले, वापरता येते.